सैराटचा मधला भाग

जुन्या जालन्यातून बोलतोय. आजचा विषय, प्रेम आणि घरभाडं.

'सैराट' आला २०१६ ला. आजही वरातीत 'झिंगाट' लागलं की अख्खी गल्ली नाचते. आपल्याला गाणी आठवतात, तो शेवट आठवतो. मधला भाग मात्र विसरतो. हैदराबादची झोपडपट्टी. परश्या डोसे काढतो, आर्ची कारखान्यात कामाला जाते. तिला घराची आठवण येते, त्याच्या डोक्यात संशय शिरतो, भांडणं होतात.

मला विचाराल तर खरी लव्हस्टोरी तीच आहे.

कुंडलिकेच्या अलीकडं-पलीकडं कितीतरी पोरं-पोरी लग्न ठरलं की पुण्याला जायचं म्हणतात. रात्र-रात्र फोनवर बोलतात. पण भाडं कोण भरणार, स्वयंपाक कोण करणार, नोकरी गेली तर काय, हा विषयच निघत नाही. का, तर समोरच्याला वाईट वाटेल!

अहो, 'पर्सनल ग्रोथ' म्हणजे फक्त पहाटे पाचला उठणं नाही. 'मला याची भीती वाटते' हे तोंडावर सांगता येणं, ती पण ग्रोथच की.

तर आज फोन लावाल तेव्हा यातलं एक तरी विचारा. आणि उत्तर नीट ऐका. चला, भेटू पुढच्या एपिसोडला!