तरणा कारवानी कुत्रा वस्तीवर आणताना



कोरेगाव भागात वस्तीवर राहणारे बरेच जण राखणीला कुत्रा शोधतात. कुणी सोडून दिलेला, निवाऱ्यात सांभाळलेला वर्ष-दीड वर्षाचा कारवानी मिळाला तर जरूर आणा. मुधोळचा कुत्रा म्हणतात तो हाच. २००५ साली टपाल खात्याने त्याचं तिकीट काढलं. फासळ्या दिसतात म्हणून उपाशी समजू नका, त्याची ठेवणच तशी.

पण ही जात मुळात शिकारीची. पळणारं दिसलं की मागं लागणार, मग ससा असो की शेजाऱ्याचं करडू. म्हणून सुरुवातीला दाव्यावरच फिरवा, शेरडं लांबून दाखवा. दिवसभर बांधून मात्र ठेवू नका. बांधलेलं कुत्रं तापट होतं. लहान पोरांजवळ एकटं सोडू नये.

आणल्याबरोबर पशुवैद्यकीय दवाखान्यात नेऊन पिसाळ रोगाची लस टोचून घ्या, पुढं दरवर्षी. जंताचं औषधही द्या.

चावलाच, तर घरचाच म्हणून हयगय नको. हा रोग अंगात उमटला की माणूस हाती लागत नाही. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा. हळद, चुना, मिरची काही भरू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा, आणि पुढची इंजेक्शनं ठरल्या तारखेलाच घ्या, सुगी असली तरी.