रेषेला रंग हवा


कविता लिहिणाऱ्या माणसानं अमेरिकेतल्या सुपरहिरोंच्या चित्रकथांवर बोलावं, याचं तुमच्यापैकी काहींना नवल वाटेल. पण मी बोलणार आहे ते त्यांच्या मारामाऱ्यांबद्दल नाही, त्यांच्या नात्यांबद्दल. आणि नाती हा तर कवितेचा जुनाच विषय आहे.

२००२ साली स्पेनच्या मायोर्का बेटावरच्या तीन संशोधकांनी एक मजेदार काम केलं. रिकार्दो अल्बेरिक, जो मिरो-हुलिया आणि फ्रान्सेस्क रोसेलो ही त्यांची नावं. मार्व्हल कंपनीच्या १२,९४२ चित्रकथा आणि त्यांतली ६,४८६ पात्रं त्यांनी हिशेबाला घेतली. नियम साधा. प्रत्येक पात्र म्हणजे एक ठिपका. दोन पात्रं एकाच पुस्तकात आली, की त्या दोन ठिपक्यांमध्ये एक रेघ. आपल्या दारातल्या ठिपक्यांच्या रांगोळीसारखंच. फक्त ही रांगोळी एवढी दाट, की ती मांडायला संगणकच हवा.

या जाळ्यातून काय दिसलं? सर्वांत जास्त पुस्तकांत आला तो स्पायडरमॅन. पण सर्वांत जास्त पात्रांशी जोडलेला निघाला कॅप्टन अमेरिका. लोकप्रिय असणं वेगळं आणि सगळ्यांच्या ओळखीचं असणं वेगळं, हे गावातल्या कोणत्याही लग्नात दिसतं, तेच इथं आकड्यांत दिसलं. एका पात्राच्या वाट्याला सरासरी ५२ सोबती आले. आणि एका पात्राकडून दुसऱ्याकडे रेघेरेघेनं जायचं झालं, तर सरासरी तीनपेक्षाही कमी पावलं पुरतात.

मला मात्र एक गोष्ट खटकली. या जाळ्यातल्या सगळ्या रेघा एकाच जातीच्या आहेत. स्पायडरमॅन, म्हणजे पीटर पार्कर, आणि त्याची प्रेयसी मेरी जेन यांच्यामध्ये एक रेघ. त्याच्या जिवावर उठलेला ग्रीन गॉब्लिन आणि तो यांच्यामध्येही तशीच रेघ. बरं, हा गॉब्लिन म्हणजे नॉर्मन ऑसबॉर्न, पीटरच्या मित्राचाच बाप. जेमसन नावाचा संपादक स्पायडरमॅनची रोज बदनामी छापतो आणि त्याचेच फोटो पीटरकडून विकत घेतो. हा वैरी म्हणायचा की अन्नदाता? एकत्र दिसले, एवढंच रेघ सांगते. का दिसले, ते सांगत नाही.

२००७ साली अर्जेंटिनाचे भौतिकशास्त्रज्ञ पाब्लो ग्लायझर यांनी याच जाळ्याकडे पुन्हा पाहिलं. कोण कोणाबरोबर किती वेळा आलं, त्याप्रमाणे त्यांनी रेघांना वजन दिलं. जाड रेघांनी बांधलेले सगळे नायक निघाले. खलनायक मात्र कडेला, एकेकटे. ग्लायझर यांनी याचं एक कारण जुन्या नियमावलीत शोधलं. १९५४ साली अमेरिकी प्रकाशकांनी स्वतःवर चित्रकथांची एक आचारसंहिता घालून घेतली होती. प्रत्येक कथेत सत्याचाच विजय झाला पाहिजे, गुन्हेगाराला शिक्षा झालीच पाहिजे, असा तिचा दंडक. म्हणजे खलनायक एकाकी दिसला, त्याला त्याचा स्वभावच कारण होता असं नाही. गोष्ट सांगणाऱ्यांवर असलेलं बंधनही होतं. नकाशा काढणाऱ्याच्या आधी कुणीतरी कथा लिहिलेली असते, हे विसरून चालत नाही.

माणसांच्या नात्यांचे असे नकाशे काढायची रीत मात्र चित्रकथांतून आलेली नाही. न्यूयॉर्क राज्यात हडसन इथं मुलींची एक सुधारशाळा होती. १९३२ साली तिथून दोन आठवड्यांत १४ मुली पळून गेल्या. मानसोपचारतज्ज्ञ जेकब मोरेनो आणि त्यांच्या सहकारी हेलन जेनिंग्ज यांनी तिथल्या मुलींना विचारलं, तुला कुणाबरोबर राहायला आवडेल, कुणाबरोबर नाही? उत्तरांचे नकाशे काढले. आणि मोरेनोंनी त्यांत दोन रंग वापरले. ओढ असेल तिथं लाल रेघ, तेढ असेल तिथं काळी. पळण्याचं कारण त्या एकेका मुलीच्या स्वभावातच नाही, तर या रेघांच्या गुंत्यातही आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांनी आधी विचारलं, मग रेघ ओढली. हा क्रम मला फार मोलाचा वाटतो.

कारण हेच गणित पुढं खऱ्या माणसांना लावलं गेलं. २०१३ साली एडवर्ड स्नोडेन यांनी उघड केलं, की अमेरिकी सरकारची एक गुप्तचर संस्था देशातल्या फोनच्या नोंदी सरसकट साठवते. कुणी कुणाला, केव्हा, किती वेळ फोन केला, एवढंच. काय बोलले, ते नाही. एका संशयितापासून तीन पावलांपर्यंत तपास करायची मुभा होती. आता आपला हिशेब करून पाहा. माणशी ५० संपर्क धरले आणि कुणाचे कुणाशी सामाईक नाहीत असं मानलं, तर पहिल्या पावलाला ५०, दुसऱ्याला अडीच हजार, तिसऱ्याला सव्वा लाख माणसं! सुपरहिरोंच्या जाळ्यात तर तीन पावलांत निम्म्याहून जास्त जोड्या येतात. २०१४ च्या जानेवारीत ही तीन पावलं दोनवर आणली गेली आणि २०१५ च्या कायद्यानं ती सरसकट साठवण थांबवली.

माझ्या फोनमध्ये किराणावाला आहे, गॅसवाला आहे, नातवाचा रिक्षावाला आहे, कविसंमेलनात एकदाच भेटलेली पन्नासेक माणसं आहेत. चुकून लागलेला नंबरही नोंदीत एक रेघच होऊन बसतो. सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात, ते असं. माझ्यासारखं नाव असलेल्या माणसाला हा विचार थोडा जास्त वेळा करावा लागतो, एवढंच सांगतो.

नकाशे काढू नयेत असं मी म्हणत नाही. रोगाची साथ कुठून कुठं गेली, हे अशाच रेघांनी कळतं. पण रेघ ही चौकशीची सुरुवात आहे, निकाल नव्हे. आपल्या भाषेला हे फार आधी कळलेलं आहे. तिनं जाऊ वेगळी ठेवली, नणंद वेगळी ठेवली, मावशी आणि आत्या एका शब्दात कोंबल्या नाहीत. आमच्या घरात त्या खाला आणि फुफी झाल्या, तरी दोनच राहिल्या. आणि भाऊबंद या शब्दातून तिनं भाऊबंदकी काढली. एकाच रेघेत ओढ आणि तेढ दोन्ही असतात, हे त्या एका शब्दात आलं.

तेव्हा उद्या कुणी तुमच्यापुढं असं जाळं ठेवलं आणि म्हणालं, पाहा, हा त्याला जोडलेला आहे, तर एवढंच विचारा: कशानं जोडलेला आहे? आणि हे त्याला कुणी विचारलंय का?