नाकेबंदीची झळ कुणाच्या चुलीला?

(गटाच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



वाटाघाटी आणि आर्थिक निर्बंध यांनी देशादेशांतलं युद्ध टळतं का, असा विषय मला दिला आहे. आपण रेशनकार्ड, पोटगी, दवाखाना यांत गुंतलेल्या बायका. सुरक्षा परिषदेशी आपला काय संबंध, असं कुणाला वाटेल. पण निर्बंध म्हणजे शेवटी रेशनचाच प्रश्न, म्हणून मी लगेच हो म्हटलं.

समाजकार्याच्या अभ्यासक्रमात जेन ॲडम्स भेटतात त्या शिकागोच्या वस्तीत काम करणाऱ्या म्हणून. पहिलं महायुद्ध पेटलेलं असताना, १९१५ साली हेगला १,१००हून अधिक बायका जमल्या आणि त्या परिषदेच्या अध्यक्ष जेन ॲडम्स होत्या, हे आम्हाला कुणी शिकवलं नाही. तटस्थ देशांनी मध्यस्थी सतत चालू ठेवावी, ही परिषदेची मागणी. या बायका राजधान्यांतून हिंडल्या, मंत्र्यांना भेटल्या. युद्ध थांबलं नाही. १९१८च्या नोव्हेंबरात तोफा थंडावल्या, तरी जर्मनीची नाकेबंदी जुलै १९१९पर्यंत चालूच होती. मे महिन्यात झुरिकला जमून याच बायकांनी ती उठवण्याची मागणी केली. आणि सप्टेंबरात अमेरिकेचे अध्यक्ष विल्सन निर्बंधांची थोरवी सांगत होते: शांततेचा, निःशब्द, प्राणघातक उपाय!

आता इराककडे येऊ. २ ऑगस्ट १९९०ला सद्दामने कुवेत गिळला. चारच दिवसांत सुरक्षा परिषदेने इराकचा जवळजवळ सगळा व्यापार बंद केला. युद्धाशिवाय सद्दामला मागे हटवण्याचा हा मार्ग होता म्हणतात. मग त्याला वेळ किती दिला? १७ जानेवारी १९९१ला बॉम्ब पडू लागले. सहा महिनेसुद्धा नाहीत. युद्ध संपलं, निर्बंध मात्र मे २००३पर्यंत राहिले.

इराक बरंचसं धान्य बाहेरून आणणारा देश. सरकारने पीठ, तांदूळ, साखर, चहा, तेल रेशनवर द्यायला सुरुवात केली. दिनार इतका घसरला की शिक्षिकेचा महिन्याचा पगार काही डॉलरांवर आला. सत्तरच्या दशकात शिकून नोकरीला लागलेल्या बायका घरी बसल्या, मुलींच्या शाळा सुटल्या. सद्दामचे राजवाडे बांधले जातच होते. रेशन त्याच्या हातात, म्हणजे लोक त्याच्या मुठीत. कार्ड नवऱ्याच्या नावावर असलं की मार खाणारी बाई कशी अडकते, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

पाच लाख मुलं दगावली, हा आकडा तुमच्यापैकी काहींनी ऐकला असेल. १९९६ साली अमेरिकेच्या राजदूत मॅडेलिन ऑलब्राइट यांना टीव्हीवर त्याबद्दल विचारलं, तेव्हा ही किंमत मोजण्याजोगी आहे, असं त्या म्हणाल्या. पुढे त्यांना या शब्दांचा पश्चात्ताप झाला. (अधिकारपदावर बाई आली म्हणून भाषा बदलतेच असं नाही.) पण तो आकडा नंतरच्या पाहण्यांत टिकला नाही. सद्दामच्या सरकारने माहितीत फेरफार केले होते, असं संशोधकांनी दाखवलं आहे. आपल्या बाजूचा वाटतो म्हणून खोटा आकडा आपण वापरू नये. हाल खरेच होते. ते पाहूनच राष्ट्रसंघाचे तिथले मदतकार्याचे प्रमुख डेनिस हॅलिडे यांनी १९९८ साली आणि त्यांच्या जागी आलेल्या हान्स फॉन स्पोनेक यांनी २००० साली पद सोडलं.

बोलण्यांनी काहीच साधलं नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. इराकने जाहीर न केलेले रासायनिक अस्त्रांचे साठे १९९१मध्येच नष्ट केले होते, हे अमेरिकेच्याच शोधपथकाने २००४ साली लिहिलं. तपासनिसांमुळे ते झालं, आणि निर्बंधांच्या दडपणाचाही त्यात वाटा होता, हे नाकारता येत नाही. २००२च्या नोव्हेंबरात तपासनीस पुन्हा इराकमध्ये गेले. त्यांचे प्रमुख हान्स ब्लिक्स आणखी काही महिने मागत होते. २० मार्च २००३ला हल्ला झाला. बोलणी फसली नव्हती, मध्येच मोडली गेली.

मग निर्बंध नकोतच का? शस्त्रं विकू नका, राज्यकर्त्यांची परदेशातली खाती गोठवा, याला माझा पाठिंबा आहे. दक्षिण आफ्रिकेवर तर बहिष्कार घाला, असं तिथल्या काळ्या लोकांच्या संघटना स्वतःच सांगत होत्या. भारताने १९४६ सालीच त्या देशाशी व्यापार तोडला होता. इराकी बायकांना असं कुणी विचारलं नव्हतं.

आता तुम्ही बोला. रेशन समितीतल्या बायकांचं मला आधी ऐकायचं आहे.