ट्रॉलीमागची लाल पट्टी



आम्ही शेतकी शिकलो, एकरी खर्चाचा हिशेब मांडत आलो. एक हिशेब मात्र आपण कुणीच मांडला नाही. २०२२ साली देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं मेली. दर तिघांमागे दोघं १८ ते ४५ वयाची, म्हणजे घरची कमावती.

आपल्याकडे हे कसं घडतं? कापसाची ट्रॉली रात्री जिनिंगकडे निघते. मागे दिवा नाही. चाक पंक्चर झालं की रस्त्यातच उभी. मागून मोटारसायकलवर तिघं पोरं येतात, ताशी ६० च्या वेगानं. म्हणजे सेकंदाला जवळपास १७ मीटर! ट्रॉली दिसेपर्यंत ब्रेक दाबायला जागा उरत नाही. वेग दुप्पट केला, तर ब्रेक दाबल्यापासून थांबेपर्यंतचं अंतर चौपट होतं.

अठराच्या आतल्या पोराला किल्ली दिली, तर २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे बापाला किंवा गाडीमालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड आहे. पण दंड भरता येतो, पोर परत आणता येत नाही.

भाव सरकारकडे मागू, चांगले रस्तेही मागू. लाल पट्टी मात्र आपल्याच हातात आहे. म्हणून आज इथूनच ठरवून उठू: मागे लाल पट्टी लावल्याशिवाय ट्रॉली गावाबाहेर काढायची नाही. भरल्या कापसावर वेचणाऱ्या बायांना बसवायचं नाही. मोटारसायकलवर दोघंच, दोघांच्याही डोक्यावर हेल्मेट.

कापूस उद्या विकता येईल. पोरं आज घरी पोचली पाहिजेत.