आपली नाडी आपल्या हाती



आज आपण दोन गोष्टींविषयी बोलणार आहोत. एक आहे वाढलेले वजन. दुसरी आहे मनगटातली नाडी. या दोहोंचा काय संबंध, असे तुम्ही विचाराल. संबंध आहे, आणि तो मोठा उपयोगाचा आहे.

आपल्या गावातली किती तरी माणसे पोटासाठी मुंबईला गेली. कोणी अंधेरीला राहिला, कोणी बोरिवलीला, कोणी मुलुंडला, कोणी घाटकोपरला. गावी असताना ही माणसे शेतावर चालत जायची, विहिरीचे पाणी ओढायची, ओझी वाहायची. तिथे गेल्यावर काम बदलले. एकजण इमारतीच्या दाराशी पहारा करतो. बारा तास खुर्चीवर! दुसरा दिवसभर रिक्षा चालवतो. तिसरी बहीण शिवणाच्या मशीनवर वाकून बसते. कष्ट आहेतच, पण ते बैठे कष्ट. भूक लागली की गाडीवरचा वडापाव आणि वर गोड चहा. काही वर्षांत पोट सुटते. मग गुडघे दुखतात, रक्तदाब वाढतो, रक्तात साखर वाढते. कमावता माणूस अंथरुणाला खिळला की मुंबईची खोली अडते आणि गावची चूलही अडते.

आता गावातही फटफटी आली, गिरणी आली, नळ आला. चांगलेच झाले. पण चालणे कमी झाले, तशी गावातही पोटे सुटू लागली.

वजन जास्त आहे की नाही, हे कसे ओळखावे? शिंप्याची टेप घ्या आणि पोटाचा घेर मोजा. आपल्या देशातले डॉक्टर सांगतात, पुरुषाचा घेर ९० सेंटिमीटरच्या आत असावा आणि बाईचा ८० च्या आत. त्याहून जास्त असेल तर सावध व्हावे.

बैठ्या कामाची एक खरी हकिकत ऐका. लंडन शहरात दुमजली बसगाड्या होत्या. चालक दिवसभर बसून असे. कंडक्टर तिकिटे देण्यासाठी जिना चढत-उतरत असे. जेरेमी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी या दोघांची पाहणी केली. १९५३ साली त्यांनी ती छापली. कंडक्टर लोकांना हृदयाचा विकार चालकांपेक्षा कमी होता! पुढे १९५६ साली त्यांनी गणवेशाच्या विजारींची मापे तपासली. चालकांच्या विजारी कमरेला मोठ्या निघाल्या. एवढ्यावरून सगळा दोष बसण्याला देता येत नाही. पण त्यानंतर देशोदेशी पुष्कळ शोध झाले. चालते-फिरते शरीर हृदयाला मानवते, हे त्यांतून पक्के झाले.

मग काय करायचे? चालायचे. पण किती जोराने? इथेच पुष्कळांचे चुकते.

बोरिवलीला संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे. तिथे पहाटे फिरायला येणाऱ्यांची रीघ लागते. काहीजण गप्पा मारत रमतगमत चालतात. अंगाला घाम नाही, श्वास वाढत नाही. महिना गेला तरी वजन तेवढेच, म्हणून ते कंटाळतात. काहीजण पहिल्याच दिवशी धावत सुटतात. धाप लागते, पाय भरून येतात आणि दुसऱ्या दिवशी ते घरी बसतात. एकाचे कमी पडले, दुसऱ्याचे जास्त झाले. मधला मार्ग कसा सापडणार? तो नाडी दाखवते.

हृदय म्हणजे रक्ताचा पंप. आपण जोराने चाललो की पायांना जास्त रक्त लागते. मग हृदय जास्त वेळा ठोके देते. तेच ठोके मनगटात नाडी होऊन लागतात. म्हणून नाडी मोजली की शरीराला किती मेहनत पडते ते कळते.

नाडी मोजण्याची रीत अशी. डावा हात उताणा धरा. अंगठ्याच्या बाजूला, मनगटाखाली उजव्या हाताची दोन बोटे हलकेच टेकवा. अंगठा टेकवू नका, कारण अंगठ्याला स्वतःची नाडी असते आणि घोटाळा होतो. घड्याळाकडे बघा. १५ सेकंदांत किती ठोके पडले ते मोजा. त्याला ४ ने गुणा. झाले मिनिटाचे ठोके. मोठ्या माणसाची स्वस्थ बसलेली नाडी साधारण ६० ते १०० असते.

आता थोडे गणित करू. २२० मधून आपले वय वजा करा. येईल तो आकडा म्हणजे हृदयाची अंदाजे शेवटची मजल. चालताना तिथवर जायचे नाही. शंभरातले ६० ते ७० भाग, एवढेच गाठायचे. समजा, वय ४० आहे. २२० वजा ४०, राहिले १८०. त्याचे ६० ते ७० भाग म्हणजे १०८ ते १२६ ठोके.

हिशेब नको असेल तर १५ सेकंदांचे आकडेच ध्यानात ठेवा. तिशीला २९ ते ३३. चाळिशीला २७ ते ३१. पन्नाशीला २६ ते २९. साठीला २४ ते २८.

दहा मिनिटे भरभर चाला. थांबा आणि लगेच मोजा. उशीर केला तर नाडी खाली येते. ठोके कमी भरले तर पाऊल थोडे उचला. जास्त भरले तर हळू व्हा. हा हिशेब अंदाजाचा आहे. माणसामाणसांत दहा-बारा ठोक्यांचा फरक पडतोच. म्हणून आणखी एक खूण सांगतो. चालताना शेजाऱ्याशी बोलता यावे, पण भजन म्हणता येऊ नये. भजन सहज म्हणता आले तर चाल मंद आहे. बोलताही येईना तर चाल फार झाली.

हल्ली मनगटी घड्याळेही नाडी सांगतात. घड्याळाच्या पाठीवर हिरवा दिवा असतो. कातडीखाली रक्ताची लाट आली की तो उजेड जास्त शोषला जातो. त्यावरून घड्याळ ठोके मोजते. पट्टा ढिला असला तर आकडा चुकतो. छातीला बांधायचे पट्टेही मिळतात. ते हृदयातली बारीक वीज टिपतात आणि जास्त बरोबर सांगतात. मुलाने असे घड्याळ दिले तर जरूर वापरा. नसेल तर अडत नाही. दोन बोटे देवाने फुकट दिली आहेत.

रोज किती चालावे? जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितले, आठवड्याला निदान १५० मिनिटे. म्हणजे रोज अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस. वजन उतरवायचे तर हळूहळू जास्त वाढवा. त्यासाठी वेगळे मैदान लागत नाही. घाटकोपरच्या स्टेशनचा पूल चढा. बसच्या एक थांबा आधी उतरा. अंधेरीला गिल्बर्ट टेकडी आहे, सुमारे २०० फूट उंच, वर गावदेवीचे देऊळ. अशा पायऱ्या चढताना नाडी पटकन वाढते. म्हणून दमाने चढा.

काहीजण म्हणतात, हळू चालले की चरबी जास्त जळते, मग भरभर कशाला? यात अर्धे सत्य आहे. हळू चालताना चरबीचा वाटा जास्त असतो, पण एकूण खर्चच थोडा होतो. अखेर आत आले किती आणि खर्च झाले किती, यावर वजन ठरते. एका वडापावाची शक्ती खर्चायला साधारण तासभर भरभर चालावे लागते! म्हणून चालून आल्यावर वडापाव खाल्ला तर केलेले पाण्यात जाते. ताटात तेल-साखर कमी, भाजी आणि डाळ-उसळ जास्त, असे करा. उपाशी मात्र राहू नका.

काही इशारे नीट ऐका. हृदयविकार, रक्तदाब किंवा मधुमेह असेल, किंवा पोटी बाळ असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी नाडी मंद राहते. अशांनी वरच्या आकड्यांमागे लागू नये. चालताना छातीत दुखले, जबडा किंवा हात भरून आला, चक्कर आली, थंड घाम सुटला, तर तिथेच बसा आणि १०८ ला फोन करा. 'जाऊ दे, गॅस असेल' म्हणून घरी चालत जाऊ नका.

आता शेवटचे. तुम्ही लिहायला शिकलात, आकडे शिकलात. त्यांचा उपयोग इथे करा. एक वही घ्या. तीत चार रकाने आखा. तारीख, उठल्याबरोबरची नाडी, चाललेली मिनिटे, आणि आठवड्यातून एकदा पोटाचा घेर. पहिले दोन-तीन आठवडे घेर हलणार नाही. धीर सोडू नका. त्याच चालीला नाडी पूर्वीपेक्षा कमी भरू लागेल. उठल्याबरोबरची नाडीही हळूहळू उतरेल. हृदय बळकट होत असल्याची ती खूण आहे. घेर त्याच्या मागून येतो.

मुंबईला भाऊ असेल, मुलगा असेल, तर त्याला फोनवर एवढेच विचारा : "आज चाललास का? नाडी किती भरली?" आणि तो उलट विचारील, तेव्हा तुमच्या वहीत आकडा लिहिलेला असू द्या.