लाईनचा सातबारा

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत आपल्या क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं हे बोलणं. ज्या ताया त्या दिवशी येऊ शकल्या नाहीत, त्यांच्यासाठी इथे छापत आहोत.)



आज मला लाईनबद्दल बोलायचंय. माल घेऊन ठरलेल्या वारी, ठरलेल्या दुकानांत जायचं, पाकिटं टाकायची, पैसे घ्यायचे, याला आपण लाईन म्हणतो. माझी आई दुधाचा रतीब घालायची, सकाळी अकरा घरं. तिची वही मी लिहायचे. म्हणून मला वाटायचं, मला लाईन कळते. त्यात कॉलेजला जाऊन समाजकार्याची पदवी घेतलेली! पण खरी लाईन मला वैरागकडच्या आपल्याच एका गटाने शिकवली. गटाची परवानगी घेऊन सांगते.

हा गट कडक भाकरी आणि शेंगाचटणी करतो. एक ताई जुन्या स्कूटीवर क्रेट बांधून आठवड्यातून दोनदा माल टाकायची. १४ दुकानं, जाऊन-येऊन ३० किलोमीटर. बरं चाललं होतं. मी नवीन होते, उत्साहात होते. मी म्हटलं, "ताई, चौदाच का? मोहोळकडचे ढाबे धरा, सव्वीस करू." मीटिंगमध्ये टाळ्या पडल्या. तीन महिन्यांनी बँकेचा ६,२०० चा हप्ता आला आणि गटाच्या पेटीत तेवढे पैसे नव्हते. पाच जणींनी घरातून काढून भरले. एकीने तर लेकीच्या फीचे दिले. त्या मीटिंगला टाळ्या नव्हत्या. लाईनवाली ताई खाली मान घालून बसली होती आणि एक मावशी तिला म्हणाली, "विकलंस एवढं, मग पैसा गेला कुठं?"

ताईने एक रुपया खाल्ला नव्हता. पण तिच्याकडे दाखवायला काही नव्हतं, कारण सगळा हिशेब डोक्यात. मग आम्ही दोघी दोन दिवस बसलो आणि कागदावर मांडलं. तुम्हीही माझ्याबरोबर मांडा.

एक पाकीट दुकानात सरासरी ४० ला जातं. शेंगा, मिरची, पीठ, सरपण, पाकीट, करणाऱ्या बायांची मजुरी धरून ३१ पडतात. उरतात ९. जवळच्या लाईनला १४ दुकानं, दुकानी ५ पाकिटं, म्हणजे ७०. सत्तर नव्वे ६३०. त्यातून पेट्रोल ७५ गेलं, ताईची हजेरी ३०० गेली, तरी एका फेरीला गटाला २५५ उरले.

आता मी सुचवलेली मोहोळकडची लाईन. १२ ठिकाणं, पण तिथे आपली ओळख नाही, म्हणून दोन-दोनच पाकिटं. झाली २४. चोवीस नव्वे २१६. अंतर ८४ किलोमीटर, स्कूटीला दोन लिटर पेट्रोल, २१०. उरले किती? सहा रुपये. ताईची हजेरी अजून दिलीच नाही! आणि त्यात एक पाकीट जरी तारीख उलटून परत आलं, तर ३१ गेले. म्हणजे ताई दिवसभर उन्हात फिरून गटाचा तोटा घरी आणत होती. आणि तो रस्ता तिला दाखवला मी. चूक माझी होती, ती मी तेव्हा मीटिंगमध्ये मान्य केली, आजही करते.

दुसरी गोष्ट उधारी. सव्वीस ठिकाणी मिळून १८,४०० अडकले होते. दुकानदार वाईट नव्हते. "पुढच्या खेपेला देतो ताई" म्हणायचे, आणि आपली ताई भिडेखातर आणखी माल टाकायची. मोठ्या कंपनीच्या सेल्समनला तोच दुकानदार गल्ल्यातून पैसे काढून देतो. का? कारण तो मागचं बिल घेतल्याशिवाय पुढचा माल उतरवत नाही. आपण बाई म्हणून गप्प बसतो, एवढाच फरक.

मग गटाने ठराव केला: मागचं बिल दिलं तरच पुढचा माल. हा ठराव लिहून, सगळ्यांच्या सह्या घेऊन ताईच्या पिशवीत ठेवला. ती दुकानात म्हणायची, "भाऊ, माझ्या हातात नाही, गटाचा नियम आहे." एकटीला जे जड जातं, ते गटाच्या नावाने सोपं होतं. चार दुकानांनी माल बंद केला. पण चार महिन्यांत ११,००० वसूल झाले. बाकीचे सगळे येतील असं मी म्हणणार नाही. ती शिकण्याची फी धरा. मोहोळकडची लाईन बंद केली आणि त्याऐवजी वैरागच्याच रस्त्यावर मध्ये येणारी पाच दुकानं धरली. पेट्रोल जवळजवळ तेवढंच.

तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. मध्येच ताईला टायफॉईड झाला. पंधरा दिवस लाईन बंद. दुसरी बाई जायला तयार होती, पण कुठल्या दुकानात काय टाकायचं, कोणाकडे किती येणं आहे, कोणालाच माहीत नाही. तेवढ्यात दोन दुकानांत दुसऱ्याचा माल लागला. आणि ऑनलाईन पैसे? ते ताईच्या मुलाच्या खात्यावर जात होते, कारण स्कॅनरचा कागद त्याच्या नावाचा. मुलगा चांगला आहे हो, प्रश्न त्याचा नाही. कष्ट आपले, माल आपला, तर पैसा उतरण्याची जागाही आपलीच हवी.

मुंबईचे डबेवाले तुम्हाला माहीत आहेत. १८९० च्या सुमारास सुरू झालेलं काम. यातले बरेच जण मावळ, खेड, जुन्नर, आंबेगाव, अकोले भागातले, आपल्यासारखेच गावाकडचे. त्यांच्यातही लाईनच असते, आणि एखादा काम सोडतो तेव्हा त्याच्या लाईनची किंमत ठरते. सायकलची नाही, लाईनची! ठरलेली गिऱ्हाईकं, ठरलेली वेळ आणि विश्वास, याला मोल आहे. मी गटाला म्हटलं, लाईन म्हणजे आपलं शेत. मग त्याचा सातबारा कुठे आहे?

तो सातबारा म्हणजे लाईनची वही. एका दुकानाला एक पान. दुकानाचं नाव, मोबाईल, वार, किती पाकिटं टाकली, किती परत आली, किती रोख, किती बाकी, आणि बाकीवर दुकानदाराची सही. रोज संध्याकाळी पाच मिनिटं. ज्या ताईला लिहिता येत नाही, तिने आकडे बोलावेत, लेकीने किंवा सुनेने लिहावेत. महिन्याला ती वही गटाच्या बैठकीत उघडायची. महिन्यातून एकदा दुसऱ्या बाईला मागे बसवून न्यायचं, म्हणजे दुकानदाराला तिचा चेहरा ओळखीचा होतो. स्कॅनर गटाच्या खात्याचा. गाडी चालवणारीचं लायसन आणि गाडीचा विमा चालू हवा. खाण्याच्या पदार्थाला अन्न सुरक्षा कायद्याखालची नोंदणी हवी, आणि पाकिटावर तो नंबर, वजन, किंमत, तारीख छापलेली हवी. ही कागदं पिशवीत असली की नवीन दुकानात पाय अडखळत नाही.

आज त्या गटाची १५ दुकानं आहेत. सव्वीसपेक्षा कमी, पण हप्ता वेळेवर जातो. फीचे पैसे त्या ताईला परत मिळाले. आणि ज्या मावशीने "पैसा गेला कुठं" विचारलं होतं, तीच आता वही तपासते. मावशींचा प्रश्न चुकीचा नव्हता. उत्तर लिहिलेलं नव्हतं, एवढंच.

ज्यांची लाईन आहे त्यांनी पुढच्या सभेला वही घेऊन यावं. ज्यांची नाही त्यांनी कोरी वही आणावी. पहिलं पान आपण इथेच मिळून लिहू.