खवल्या मांजर: नागझिऱ्यातला चिलखतवाला

तिरोड्याहून बोलतोय. तुम्ही ट्रेनमध्ये असाल, मेसवर असाल नाहीतर बांधीत पाणी सोडून धुऱ्यावर बसला असाल, सगळ्यांचं स्वागत.

यूट्यूबवर ‘जगातले विचित्र प्राणी’ टाकून बघा. प्लॅटिपस येतो, ॲक्सोलॉटल येतो, सगळी परदेशातली मंडळी. आज मात्र मला नागझिऱ्यातल्या एकाबद्दल बोलायचंय. चोरखमारा गेट तर आपल्या तालुक्यातच, तरीही आपल्यातल्या बहुतेकांनी हा प्राणी फक्त मोबाईलवर पाहिलाय. खवल्या मांजर, म्हणजेच पँगोलिन.

दिसायला कसं? शेपटीसकट तीन-साडेतीन फूट लांब, वजन दहा-पंधरा किलो, आणि पोट सोडलं तर अंगभर खवले, पाइन झाडाच्या फळासारखे एकावर एक बसवलेले. बघणाऱ्याला वाटतं हा सरड्या-घोरपडीतला कुणीतरी. पण हा सस्तन प्राणी आहे, पिल्लाला दूध पाजतो. अंगावर असे खवले असलेला जगातला हा एकमेव सस्तन गट. आठ जाती, चार आशियात, चार आफ्रिकेत.

तोंडात दात एकही नाही. पुढच्या पायांच्या दांडग्या नखांनी वारूळ फोडायचं आणि लांब चिकट जीभ आत घालून मुंग्या-वाळवी ओढायची. ही जीभ छातीच्या पार खाली, शेवटच्या फासळ्यांपाशी बांधलेली असते. चावायची सोय नाही म्हणून पोटात गेलेले बारीक खडे दळण दळतात, कोंबडीसारखं. धान पिकवणाऱ्या तालुक्यात वाळवी फुकट खाणारा गडी म्हणजे खरं तर कामाचा माणूस!

आता जरा जग फिरून येऊ. दक्षिण अमेरिकेत मुंगीखाऊ आहे, आफ्रिकेत आर्डवार्क, ऑस्ट्रेलियात अंडी घालणारा एकिडना. सगळ्यांचं तोंड लांबुळकं, जीभ चिकट, नखं मजबूत. वाटतं, चुलत भाऊ असतील. पण नात्यानं मुंगीखाऊ स्लॉथजवळचा, आर्डवार्क हत्तीच्या दूरच्या गोतातला, आणि आपलं खवल्या? डीएनए सांगतो की त्याचे जवळचे नातेवाईक म्हणजे मांजर-कुत्र्याचा मांसाहारी गट. धंदा एकच, म्हणून अवजारंही सारखी झाली. आपल्या म्हाताऱ्यांनी त्याला ‘मांजर’ म्हटलं ते कुठल्या हिशोबानं कोण जाणे, पण तीर अगदीच हुकला नाही.

खवल्याकडे बचावाची एकच युक्ती असते. धोका दिसला की चेंडूसारखं गुंडाळून घ्यायचं. मग सिंह येवो की बिबट्या, चाटून, लोळवून कंटाळतो आणि निघून जातो. लाखो वर्षं ही युक्ती चालली. माणसापुढे मात्र तिचाच घात होतो, कारण गुंडाळलेलं खवल्या पळत नाही, चावत नाही. पोत्यात घातलं की झालं.

लोक उचलतात कशासाठी? खवल्यांसाठी. औषध होतं म्हणे, पैशांचा पाऊस पडतो म्हणे. अरे भावांनो, ते खवले केराटिनचे असतात. तुमचं नख ज्याचं, तेच. पाऊसच पाडायचा तर मग गावातल्या न्हाव्याकडे कितीतरी माल पडलाय! पण या अफवेपायी मादी मारली जाते, आणि मादीला एका वेळी बहुधा एकच पिल्लू होतं. आईच्या शेपटीवर बसून फिरतं ते. एक मादी गेली की भरपाई लवकर होत नाही.

२०१६ मध्ये आठही जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आली. २०२० मध्ये चीननं आपल्या अधिकृत औषधयादीतून खवले काढले. आपल्याकडे तर हा प्राणी वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. शिकार केली, खवले विकले, तर किमान तीन वर्षांची कैद, सात वर्षांपर्यंत जाऊ शकते.

कायद्यापेक्षा मला चिपळूणजवळच्या डुगवे गावाची गोष्ट जास्त आवडते. तिथं सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेच्या पुढाकारानं २०२० मध्ये ‘खवलोत्सव’ झाला. खवल्या मांजराची प्रतिकृती गावकऱ्यांनी पालखीत बसवून नाचवली. ज्याला पोत्यात घालायचे त्याला पालखीत! आपल्याकडे मंडई भरते, दंडार होते. खवल्याचं एखादं सोंग तिथं आलं तर काय बहार येईल.

आता कामाचं. समजा, रात्री शेतावर गेलात आणि टॉर्चच्या उजेडात हा चेंडू दिसला. तुमचा हात आधी मोबाईलकडे जाणार, माहितीये मला. पण रील टाकू नका, गावाचं नाव, लोकेशन तर अजिबात नको. तुमच्या हजार फॉलोअर्समध्ये एक गिऱ्हाईक असेल, आणि त्याला पत्ता तुम्हीच दिलेला असेल. घरी नेऊन दूध-भात घालायचा प्रयत्नही करू नका. पिंजऱ्यात हा प्राणी फार टिकत नाही. कुत्री हाकला, लोकांना लांब ठेवा, टॉर्च विझवा. जंगलाच्या कडेला असेल तर थोड्या वेळानं आपणच उलगडेल आणि चालू पडेल. जखमी असेल, विहिरीत पडलं असेल किंवा कुणी पकडून ठेवलं असेल, तर वनविभागाचा टोल फ्री नंबर लावा: १९२६. हाच नंबर सेव्ह करून ठेवा, आत्ताच, मी थांबतो.

केला? बरं. पुढच्या भागात आपल्या गोंदियाचा सारस, माणसाएवढा उंच आणि तरी उडणारा. भेटू!